दहा ओव्यांचा नेम

आपल्या महाविद्यालयात दिवसभरात सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर त्यासाठी पाहणी करण्याची आवश्यकता नाही. 'वेळच मिळत नाही' हे ते वाक्य होय. ग्रंथालयातून नेलेले पुस्तक न वाचताच परत करताना आपण ते म्हणतो, घरच्या वडीलधाऱ्यांनी 'दिवा लावून घटकाभर बस' असे सुचविले की म्हणतो, आणि प्राध्यापकांनी एखाद्या संदर्भग्रंथाचे नाव सांगितले की मनातल्या मनात म्हणतो. हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ते कितपत खरे आहे, याचा शोध घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विद्यार्थीजीवनाच्या धावपळीत वाचनाला आणि श्रद्धेला स्थान कसे द्यावे, हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. तो आमच्या घरच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात सापडला. म्हणून आरंभ तेथूनच करते.

मोरपीस

मी पंचवीस किलोमीटरवरच्या खेड्यातून येते. सकाळची पावणेसातची एस.टी. गाठायची, तर पाचला उठून पाणी भरावे लागते आणि आईला भाकऱ्यांना हात द्यावा लागतो. तास संपवून घरी पोहोचायला अडीच वाजतात. घराला लागूनच आमची पिठाची गिरणी आहे. वडील शेतावर असले की संध्याकाळी सहा ते आठ गिरणीवर मी बसते. दळण मोजून घ्यायचे, पट्टा चढवायचा, डब्यांवर नावे लिहायची, पैशांचा हिशेब ठेवायचा. त्यानंतर जेवण, भांडी आणि मग अभ्यास. माझ्यासारखे, किंबहुना माझ्याहून अधिक कष्ट करणारे कितीतरी विद्यार्थी या महाविद्यालयात आहेत. तेव्हा हा पाढा कौतुकासाठी वाचलेला नाही. पुढचा प्रसंग कळावा म्हणून सांगितला.

माझे आजोबा माळकरी. आयुष्यभर शेती केली आणि आषाढीची वारी केली. सकाळी न्याहारीपूर्वी ज्ञानेश्वरीचे पान उघडायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला त्याच वर्षी त्यांची नजर मंदावली. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, माणसे ओळखू येऊ लागली, पण पोथीचे अक्षर काही दिसेना. एके दिवशी ते मला म्हणाले, "बाय, सवड झाली की दोन ओव्या वाचून दाखवत जा." मी म्हणाले, "वाचते की आबा, ही परीक्षा होऊ दे." परीक्षा झाली. मग शिबिर आले, मग स्नेहसंमेलनाच्या नाटकाच्या तालमी आल्या, मग पुन्हा चाचणी. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही.

दिवाळीला घर सारवताना मी कोनाड्यातली पोथी उचलली. खूण म्हणून आजोबा पोथीत मोरपीस ठेवीत. ते मोरपीस नवव्या अध्यायाच्या पहिल्या पानावर होते. मला आठवले, आषाढात त्यांनी पोथी मिटली तेव्हाही ते तेथेच होते. चार महिन्यांत ते एक पानही पुढे सरकले नव्हते, आणि त्याच चार महिन्यांत मी मोबाईलवर काय काय पाहिले होते, त्याचा हिशेब मला देता आला नसता. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक पायलीचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला स्वतःच्या दिवसाचा हिशेब ठेवता येत नाही, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

नववा अध्याय कसा सुरू होतो, हे जाणकारांना ठाऊक आहेच. ज्ञानदेव आरंभीच श्रोत्यांकडे एक मागणे मागतात. ते धन मागत नाहीत, विद्वत्ता मागत नाहीत, फार वेळही मागत नाहीत. केवळ अवधान मागतात. त्या संध्याकाळी मी आजोबांपुढे बसून वाचायला घेतले तेव्हा माझ्या तोंडून निघालेला पहिला अर्थपूर्ण शब्द 'अवधान' हाच होता. आजोबा हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी मांडी घालून हात जोडले आणि ऐकू लागले.

दोन शब्दांचे अर्थ

विषयाचा विचार करण्यापूर्वी 'वाचन' आणि 'श्रद्धा' या दोन्ही शब्दांविषयी थोडा खुलासा करणे योग्य होईल.

वाचन म्हणजे अभ्यासक्रमाचे वाचन नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. अभ्यासक्रमाचे वाचन हेही वाचनच. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या वाचनात आपण पुस्तकाला प्रश्न विचारीत नाही, पुढे येणाऱ्या प्रश्नपत्रिकेच्या भीतीने पुस्तकातून उत्तरे वेचीत असतो. परीक्षेचा हॉल सोडला की ती उत्तरे आपल्याला सोडून जातात. ज्या वाचनाला गुण नाहीत, तारीख नाही आणि कोणाची हजेरी नाही, असे वाचन येथे अभिप्रेत आहे.

श्रद्धा म्हणजे काय, याविषयी तर अधिकच गोंधळ आहे. काहींच्या मते श्रद्धा म्हणजे विचार न करता मान तुकविणे, तर काहींच्या मते ती म्हातारपणी करावयाची गोष्ट. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्या निमित्ताने श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांविषयी पुष्कळ चर्चा झाली. माझ्या अल्पमतीला वाटते ते असे : जी श्रद्धा वाचनाला घाबरत नाही ती श्रद्धा, आणि पुस्तक उघडले की जिला धक्का बसतो ती अंधश्रद्धा. एखादी गोष्ट मोलाची आहे असे मानून, ती पूर्णपणे कळण्याआधीच तिच्यासाठी रोज थोडे कष्ट घेण्याची तयारी, एवढाच श्रद्धेचा अर्थ मी येथे धरला आहे. हा अर्थ घेतला म्हणजे श्रद्धा आणि वाचन या दोन वेगळ्या मागण्या राहत नाहीत. वाचनावाचून श्रद्धा आंधळी होते आणि श्रद्धेवाचून वाचन चार दिवसांत सुटते.

ग्रंथांनी घेतलेले माप

दहाच ओव्या का, असे मला मैत्रिणी विचारतात. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झाली. तिच्या ओव्या सुमारे ९,०००. रोज १० ओव्या वाचल्या तर ९०० दिवस लागतात. पदवीची तीन वर्षे म्हणजे १,०९५ दिवस. म्हणजे प्रथम वर्षाच्या पहिल्या दिवशी ज्याने आरंभ केला, तो आजारपणाचे, लग्नकार्याचे आणि ऐन परीक्षेचे मिळून १९५ दिवस सोडूनही पदवीबरोबर ज्ञानेश्वरी पूर्ण करील. दहा ओव्या मोठ्याने, अर्थ पाहत वाचायला मला पंधरा मिनिटे लागतात. एस.टी. उशिरा आली तर याहून अधिक वेळ आपण स्थानकावर उभे राहतो.

या दृष्टीने पाहू लागले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्याकडचे बहुतेक श्रद्धाग्रंथ सवडीच्या माणसांसाठी बेतलेले दिसत नाहीत. त्यांची मांडणीच अशी की कामाच्या माणसाला ते थोडे थोडे घेता यावेत. दासबोधात २० दशक आणि प्रत्येक दशकात १० समास. रोज एक समास वाचला तर २०० दिवसांत, म्हणजे सात महिन्यांच्या आत ग्रंथ पूर्ण होतो. गीतेचे श्लोक ७००. विनोबांच्या 'गीताई'तून रोज एकच श्लोक वाचला तरी दोन वर्षे लागत नाहीत. धम्मपदात ४२३ गाथा आहेत. रोज एक याप्रमाणे चौदा महिन्यांचे काम. कुराणाचे ३० पारे आहेत, आणि रमजानच्या महिन्यात रोज एक पारा वाचून अनेक मुस्लिम घरांत ते पूर्ण होते. माझ्या वर्गातली मैत्रीण या महिन्यात उपवास करून तासांनाही बसते आणि आपला पाराही चुकवीत नाही. बायबलच्या नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर बरोबर ५२ आठवडे होतात.

गोव्यातील उदाहरण तर आपल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना विशेष महत्त्वाचे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला त्यांना काही हवे होते. धर्म बदलला तरी वाचून-ऐकून श्रद्धा जागती ठेवण्याची सवय बदलली नाही, आणि त्यासाठी छंद निवडला गेला तोही ओवीच.

ओवीच का? आमच्या गिरणीवर बसल्यावर मला याचे उत्तर सुचते. माझी आजी सांगे की तिच्या तरुणपणी गावात गिरणी नव्हती. पहाटे चारला उठून बाया दळायला बसत आणि जात्याच्या पाळीबरोबर ओवी म्हणत. त्यांना वाचता येत नव्हते, त्यांना वेळ तर मुळीच नव्हता. पण हातांना काम असताना तोंडाला विठ्ठल होता. त्याच घराण्यातला छंद ज्ञानदेवांनी ग्रंथासाठी घेतला. आज गिरणीने बायांचे कष्ट वाचविले, ही आनंदाचीच गोष्ट आहे, मला जाते पुन्हा नको. परंतु वाचलेला तो तास कोठे गेला, हा प्रश्न मात्र विचारावासा वाटतो. कष्ट होते तेव्हा ओवी होती. सवड आली आणि ओवी गेली. यावरून वेळ असणे आणि वेळ देणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे उघड होते.

आधी पाठ, मग चित्त

'मन लागत नसताना वाचून काय उपयोग?' हा दुसरा नेहमीचा आक्षेप. मन लागले म्हणजे वाचू, भाव आला म्हणजे बसू, असे आपण म्हणतो. याचे उत्तर तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगात आहे. दुष्काळात प्रपंच उद्ध्वस्त झालेला, दुकान बुडालेले, माणसे गेलेली, अशा स्थितीत त्यांनी आरंभ कसा केला, ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आरंभी आपण कीर्तन करू लागलो तेव्हा चित्ताला अभ्यासाची सवय नव्हती, अशी कबुली ते देतात. मग त्यांनी काय केले? संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. म्हणजे चित्त लागले म्हणून पाठ केले असे घडले नाही. पाठ केले, आणि मग चित्त लागले. ज्यांना आपण भक्तीचा कळस म्हणतो, त्यांनाही सुरुवात पाठांतरापासून करावी लागली, हे वाचून मला फार धीर आला. कारण खरे सांगायचे तर पहिल्या दोन महिन्यांत माझेही चित्त ओव्यांत नव्हते. घड्याळाकडे होते.

विद्यार्थिदशेतील वाचनाचे फळ किती उशिरा आणि किती मोठे मिळू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. भीमराव लवकर झोपत, वडील रामजी जागत बसत आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवून मग स्वतः झोपत. जागा आणि वेळ दोन्ही वाटून घ्यावी लागत होती. त्याच घरात रोज धर्मग्रंथांचे वाचनही होई. वडील कबीरपंथी होते आणि मुलांनी वाचनाला बसलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. पुस्तक हाती पडल्यापासून एकोणपन्नास वर्षे! 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी या भेटीचा उल्लेख केला आहे, आणि आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, आधीच्या वाचनाशी तुलना करीत गेलो, हेही नमूद केले आहे. घरातल्या वाचनावर त्यांनी वडिलांना प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झाले नाही, म्हणून वाचन सोडले मात्र नाही, ते वाढविले. श्रद्धेला वाचनाची जोड कशी असावी, याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

तिसरे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. आपणही त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तक हाती धरून छायाचित्र काढतो. रामेश्वरमला लहानपणी त्यांचा दिवस पहाटे गणिताच्या शिकवणीने सुरू होई. तेथून अरबी शाळेत कुराणाचा पाठ, मग रेल्वेने आलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करून घरोघर वाटणे, आणि त्यानंतर शाळा. गणित, कुराण आणि पोटापाण्याचे काम एका सकाळीत बसत होते, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली होती.

आणि ज्यांचा वेळ स्वतःच्या हाती अजिबात नव्हता, अशांचेही एक उदाहरण आपल्या खानदेशात आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार, विनोबांनी राजबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ तयार झाला. आठवड्याचा एक दिवस आणि एक अध्याय, एवढेच माप. 'गीताई'चा उगमही असाच साधा आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती आणि मराठीत सोपी गीता हवी होती. तूच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला म्हटले. १९१८ साली ती वारली. पुढे १९३०-३१ मध्ये विनोबांनी 'गीताई' लिहिली. आईचे मागणे पूर्ण झाले, पण ते ऐकायला आई नव्हती. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून आजोबांच्या खोलीत जाऊन आले. ते जागे होते. त्या रात्री दहाच्या जागी वीस ओव्या झाल्या.

काही आक्षेप

येथे दोन-तीन आक्षेपांचा विचार करणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा की, असे तुकड्या-तुकड्यांनी वाचल्याने ग्रंथाची सलगता नाहीशी होते. हा आक्षेप काही पुस्तकांच्या बाबतीत मी मान्य करते. कादंबरी रोज दोन पाने वाचू नये. ती सुट्टीत, एका दमात वाचावी. वैचारिक निबंधही एका बैठकीत संपविलेला बरा. परंतु काही ग्रंथ असे असतात की त्यांच्यात घटना पुढे न्यायच्या नसतात, अर्थ मुरवायचा असतो. तेराव्या अध्यायाच्या जवळजवळ १,२०० ओव्या आहेत. तो आमच्या घरी पाच महिने चालला. त्यातील ज्ञानाच्या लक्षणांपैकी एकेक लक्षण दोन-तीन दिवस पुरे. सकाळी 'अहिंसा' वाचावी आणि दुपारी बसमध्ये जागेवरून भांडण व्हावे, म्हणजे ओवीचा अर्थ नेमका कोठे अडला ते कळते!

दुसरा आक्षेप असा की, ज्याची देवाधर्मावर श्रद्धा नाही त्याने काय करावे? त्यानेही नेम करावा, ग्रंथ मात्र स्वतःचा निवडावा. महात्मा फुले यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहिले, आणि ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. पोथ्यांवर त्यांनी कठोर टीका केली; पण सत्यावर त्यांची श्रद्धा नसती तर डाव्या हाताने लेखणी उचललीच गेली नसती. श्रद्धा कशावर ठेवावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती कशावरच नसली, तर मात्र दिवस दुसरे कोणीतरी आपल्यासाठी ठरवू लागते, आणि हल्ली ते 'दुसरे कोणी' आपल्या खिशातच असते.

तिसरा आक्षेप व्यवहारी मित्रांचा : याचा उपयोग काय? गुण वाढतात काय? माझे गुण वाढले असे मी लिहिले तर ते असत्य होईल. द्वितीय वर्षाला एका विषयात मी अनुत्तीर्णही झाले आणि त्याला ज्ञानेश्वरी जबाबदार नव्हती, माझा आळस जबाबदार होता. मला झालेला लाभ निराळा आहे. एक तर मी पंधरा मिनिटे एका जागी स्थिर बसू शकते. हे सोपे वाटते त्याने आज करून पाहावे. दुसरे असे की, जुन्या मराठीच्या तासाला जे शब्द आम्ही कोशात शोधतो, त्यांतले कितीतरी आजोबांच्या तोंडी जिवंत आहेत. एखाद्या शब्दावर मी अडले की ते म्हणतात, "अगं, हे तर आपण पेरणीच्या वेळी म्हणतो," आणि सातशे वर्षांपूर्वीचा शब्द आमच्या बांधावर येऊन उभा राहतो. टीपा देणाऱ्या पुस्तकात हे मिळाले नसते.

आणि तिसरा लाभ सांगायला थोडा संकोच वाटतो. आजोबांशी बोलायला मला पूर्वी विषय नसे. 'जेवलात का', 'औषध घेतले का', एवढ्यावर संभाषण संपे. आता एका घरात राहणारी आम्ही दोन माणसे रोज पंधरा मिनिटे एकाच ओळीकडे पाहतो. मी श्रद्धाळू झाले काय, हे मला सांगता येणार नाही. पण त्या पंधरा मिनिटांत मी खोटे बोलत नाही, घाई करीत नाही आणि कोणाचा हेवा करीत नाही. श्रद्धेचा आरंभ यालाच म्हणत असतील, तर तो झाला आहे.

नेम कसा धरावा

शेवटी, ज्यांना असा नेम धरावयाचा असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, माप लहान ठेवावे. उत्साहाच्या भरात शंभर ओव्यांचा संकल्प सोडला तर तो आठ दिवसांत मोडतो. दहा ओव्या, एक समास, एक गाथा, एक अध्याय, जे काही ठरवाल ते इतके लहान असावे की तापाच्या दिवशीही करता यावे.

दुसरी गोष्ट, तो नेम एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावा. 'वेळ मिळेल तेव्हा' ही वेळ पंचांगात नाही. मी गिरणी बंद केल्यावर, हातावरचे पीठ धुतले की थेट पोथीशी बसते. पट्टा उतरविला की आता वाचायचे, हे मनाला आपोआप कळते. कोणी एस.टी.च्या प्रवासात वाचील, कोणी वसतिगृहात जेवणाच्या घंटेआधी वाचील, 'कमवा व शिका' योजनेत काम करणारा मित्र काम संपवून झाडाखाली वाचील. जागा आणि वेळ कोणतीही असो, ती रोज तीच असावी.

तिसरी गोष्ट, शक्य तर कोणालातरी वाचून दाखवावे. एकट्याने वाचताना डोळे पळतात आणि कठीण ओळ आपण सोडून देतो. समोर ऐकणारा असला की ते करता येत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर ते. नसतील तर खोलीतला सोबती. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा एक वाचतो आणि एक अर्थ सांगतो, यामागे हेच शहाणपण असावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, चुकलेल्या दिवसाचा शोक करू नये. माझे आठवड्यातून एक-दोन दिवस चुकतातच. परीक्षेच्या काळात तर आठवडाही चुकला आहे. प्रथम मी बुडालेल्या ओव्यांची बेरीज करून एकदम सत्तर वाचायला बसले. आजोबांनी थांबविले. म्हणाले, "काल जेवली नाहीस म्हणून आज दोन दिवसांचं जेवशील का? आज भूक लागेल तेवढंच खा." तेव्हापासून मी मोरपीस असेल तेथून पुढे वाचते.

समारोप

सारांश असा की, वेळ हा कोणाला मिळत नसतो. तो एखाद्या गोष्टीसाठी ठेवला जातो. सगळी कामे उरकल्यावर उरलेला वेळ वाचनाला आणि श्रद्धेला देऊ, असे जो म्हणतो त्याच्याकडे काहीच उरत नाही, कारण कामे उरकत नसतात. उलट दिवसातील पंधरा मिनिटे आधी बाजूला काढून ठेवली तर उरलेल्या दिवसाचे काही बिघडत नाही. गिरणीवर दळण आणणारी प्रत्येक बाई दळणाआधी पसाभर धान्य पाखरांसाठी बाहेर टाकते. त्या पसाभराने कोणाचे पीठ कमी भरल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

प्रथम वर्षाच्या दिवाळीला नवव्या अध्यायावर असलेले मोरपीस आता अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आले आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कदाचित आम्ही पसायदानापर्यंत पोहोचलेलो असू. आजोबांना पसायदान अर्थातच पाठ आहे. तुम्हा-आम्हा सर्वांनाच ते शाळेपासून पाठ आहे. परवा मी सहज म्हणाले, "आबा, ते तर येतंच आपल्याला. आजच म्हणून टाकू का?" त्यांनी मान हलविली. "नको," ते म्हणाले, "चालत आलोय, चालतच जाऊ."

— तृतीय वर्ष कला (मराठी)